टिक् होतं, बार होत नाही: बोल्ट अ‍ॅक्शन रायफलचा हलका ठोका

लक्षणं

चाप ओढला, आत टिक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. काडतूस बाहेर काढून बघितलं तर प्रायमरवर (काडतुसाच्या तळातली, ठोक्याने पेटणारी छोटी वाटी) पिनची (चाप ओढला की पुढे आदळणारी सळई) खूण आहे, पण नेहमीची खोल, गोल खळी नाही. नुसता टेकल्यासारखा उथळ डाग. यालाच आपण हलका ठोका म्हणतो. बहुतेक वेळा खालीलपैकी एखादी गोष्ट जोडीला असते:

- बिघाड दर वेळी होत नाही. चार बार व्यवस्थित होतात, पाचव्याला टिक्.
- तेच काडतूस पुन्हा चालवलं की फुटतं.
- पहाटेच्या गारठ्यात त्रास होतो, ऊन चढलं की रायफल शहाण्यासारखी वागते.
- एकाच प्रकारच्या काडतुसांना, किंवा फक्त घरी भरलेल्या काडतुसांना होतं.
- खळी मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते.
- बार होतो, पण चाप ओढल्यावर किंचित थांबून. हे लक्षण सर्वांत वाईट, कारण प्रायमर धुमसून मग पेट घेतोय.

आता सुरक्षेचं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. टिक् झाल्यावर बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने सरकवायचा भाग) लगेच हात लावायचा नाही. नळी निशाण्याच्या दिशेलाच धरून निदान ३० सेकंद थांबायचं आणि मग, चेहरा पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बाहेर पडते त्या बाजूला न नेता, बोल्ट उघडायचा. आणि टिक् ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, झटका जाणवला नाही, तर तो हलका ठोका नव्हे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचं काडतूस भरण्याआधी बोल्ट बाहेर काढून नळी आरपार दिसते का ते पाहायचंच.

ताकद जाते कुठे?

प्रायमर म्हणजे मऊ धातूची वाटी, तिच्या आत दाबासरशी पेटणाऱ्या मिश्रणाचा थर आणि त्याखाली बारीकशी ऐरण. पिन वाटीला आत दाबते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडलं जातं आणि ठिणगी पडते. त्यासाठी पिनने पुरेशा वेगात आणि पुरेशी आत जायला हवं. आणि या पिनला धावायला जागा असते जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर, जुन्या लष्करी रायफलींत थोडी जास्त.

स्प्रिंग जी ताकद देते ती ठरलेली असते. ती कमी पडली तर तीनच शक्यता: मुळातच कमी निघाली, वाटेत घर्षणाने खाल्ली, किंवा प्रायमरपर्यंत पोचली पण समोरचं काडतूस मागे-पुढे हललं म्हणून वाया गेली. लोक पहिल्या शक्यतेवर उडी मारतात आणि नवी, जास्त कडक स्प्रिंग मागवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या रायफलींत बहुतेकदा ताकद वाटेत खाल्लेली असते. स्प्रिंग बदलल्यावर अशी रायफल काही दिवस चालतेही, कारण जास्तीची ताकद चोरी भरून काढते. पण चोर आतच बसलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. सोपं आणि फुकटचं आधी.

१. खळी वाचा

न फुटलेली काडतुसं फेकू नका. वेगळ्या डबीत ठेवा, कोणत्या खोक्यातली, किती गारठा होता, हे चिठ्ठीवर लिहा. मग भिंग घेऊन बघा. फुटलेल्या पुंगळीवरच्या खळीशी तुलना फसवी ठरते, कारण बार होताना आतल्या दाबाने प्रायमर मागे दाबला जातो आणि खळीचा आकार बदलतो. न फुटलेल्यांची तुलना न फुटलेल्यांशीच करायची.

खळी खोल आणि मध्यावर आहे, तरी बार नाही? मग रायफलला दोष देऊ नका. प्रायमर मेलेला आहे. ओल लागलेली, तेल झिरपलेलं, ऐरण नसलेली किंवा उलटी बसलेली, काहीही असेल. खळी अजिबातच नाही? मग पिनचं टोक मोडलंय किंवा बोल्ट चुकीचा जोडलाय, थेट चौथ्या पायरीवर जा. खळी एका बाजूला सरकलेली असेल तर मिश्रण ऐरणीच्या नेमक्या डोक्यावर चिरडलं जात नाही. किंचित सरक चालते, पण काठाकडे गेलेली खळी बोल्टच्या किंवा पिनच्या सरळपणाबद्दल काहीतरी सांगतेय. उथळ पण मध्यावर असलेली खळी हाच आपला खरा विषय.

.२२ रिमफायरवाल्यांसाठी वेगळं: तिथे मिश्रण तळाच्या कडेत असतं आणि ऐरणीचं काम चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती पोकळी) कड करते. रिकामी रायफल वारंवार चालवली असेल तर पिनने त्या कडेलाच खाच पाडलेली असते आणि मग काडतुसाच्या कडेला आधार मिळत नाही. न फुटलेलं काडतूस थोडं फिरवून पुन्हा भरलं आणि फुटलं, तर मात्र त्या जागी मिश्रणच कमी होतं असं समजा. रिमफायरमध्ये हे होतं.

२. काडतूस बदलून बघा

दुसऱ्या कंपनीच्या कारखानी काडतुसांचं एक खोकं आणा. सगळ्यांत स्वस्त चाचणी हीच. प्रायमरच्या वाटीचा कडकपणा कंपनीगणिक वेगळा असतो, आणि लष्करी काडतुसांत तो मुद्दाम जास्त ठेवतात. कारण बऱ्याच स्वयंचलित रायफलींत पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकी टोचते, आणि तेवढ्याने बार होता कामा नये. अशी काडतुसं जेमतेम ताकदीच्या बोल्टमध्ये टिक् करणारच. मऊ प्रायमर फुटतात आणि कडक फुटत नाहीत, असं दिसलं तर रायफल निर्दोष ठरत नाही. ती काठावर आहे एवढं कळतं. पुढच्या पायऱ्या करायच्याच.

घरी भरलेल्या काडतुसांचा पहिला संशयित म्हणजे अर्धवट बसलेला प्रायमर. पुंगळीच्या तळावरून नख फिरवा. प्रायमर तळापेक्षा साधारण ०.०८ ते ०.१३ मिमी आत असायला हवा. वर किंवा अगदी बरोबरीत लागला तर पिनचा पहिला ठोका त्याला खिशात (पुंगळीच्या तळातला प्रायमरचा खड्डा) आत ढकलण्यातच खर्च होतो. ऐरण खिशाच्या तळाला टेकलेली नसते, मिश्रण चिरडलं जात नाही. दुसऱ्या ठोक्याला तेच काडतूस फुटतं, कारण पहिल्याने बसवण्याचं काम केलेलं असतं. खिसा काजळीने भरलेला असला तरी हेच होतं. उपाय पुढच्या भरणीत: खिसे साफ करा, शेवटपर्यंत दाबा. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर दाबून आत बसवायचा प्रयत्न कुणी करू नये. कधीच.

घरी भरणाऱ्यांचा दुसरा दोष पुंगळीच्या खांद्याचा (जिथे ती गोळीकडे निमुळती होते तो भाग), त्याबद्दल सातव्या पायरीत.

३. बोल्ट खरंच पूर्ण बंद होतोय का?

ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सर्वांत आवडते, कारण हत्यार लागत नाही, फक्त डोळे लागतात.

बहुतेक बोल्टमध्ये कॉकिंग पीसचं, म्हणजे पिनच्या मागच्या टोकावरच्या तुकड्याचं, नाक बोल्टच्या मागच्या उतरत्या खाचेत पडतं. बोल्टचा दांडा पूर्ण खाली असेल तरच त्या नाकाला खाचेच्या तळापर्यंत मोकळी वाट मिळते. दांडा जरासा वर राहिला की नाक उतारावर आपटतं, दांड्याला खाली ढकलतं आणि उरलेली ताकद पिनला मिळते. रचना मुद्दाम तशी आहे, अर्धवट बंद बोल्टवर बार होऊ नये म्हणून. पण दांडा केसभर वर राहत असेल तर ही सुरक्षाच बिघाड वाटायला लागते.

चाचणी: रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही. नकली काडतूस घाला, बोल्ट बंद करा, नळी सुरक्षित दिशेला. एकाने चाप ओढायचा, दुसऱ्याने बाजूने फक्त दांड्याकडे बघायचं. टिक् होताना दांडा खाली दचकला, तर चोर सापडला.

दांडा वर का राहतो? स्टॉकमधली (रायफल ज्यात बसते ती लाकडी किंवा प्लास्टिकची बैठक) त्याची खाच उथळ असते, विशेषतः नवा स्टॉक बसवल्यावर किंवा बेडिंगचा, म्हणजे रायफल स्टॉकमध्ये घट्ट बसवायला भरलेला, राळ तिथे साठल्यावर. लॉकिंग लगच्या (बोल्टला बंद स्थितीत अडकवून ठेवणारे उंचवटे) खोबणीत पितळेचा कीस आणि वाळलेलं ग्रीस जमलेलं असतं. लांब काडतुसाची गोळी नळीच्या आट्यांना टेकते आणि बोल्ट शेवटच्या वळणात जड होतो. खोबणी साफ करायला कापसाची बोळी आणि वाकडी दांडी पुरते. स्टॉकची खाच मात्र कानशीने घासण्याआधी काळ्या मार्करने दांड्याचा बुंधा रंगवा, बोल्ट चार-पाच वेळा बंद करा आणि शाई नेमकी कुठे पुसली जाते ते बघा. अंदाजाने लाकूड उतरवू नये.

४. बोल्ट उघडा आणि आतलं ग्रीस धुवा

इथे थांबा, इथे वेळ घालवा. हलक्या ठोक्याची तक्रार घेऊन आलेल्या रायफलींत सर्वांत जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं.

बोल्टच्या आत स्प्रिंग आणि पिन असते, आणि पुढे एक अरुंद बोगदा, ज्यातून पिनचं टोक बाहेर येतं. त्या बोगद्यात तेल, ग्रीस, पितळेचा भुगा आणि प्रायमरमधून गळलेली काजळी यांचा गाळ साचतो. पिन पुढे धावते तेव्हा तिला हा गाळ बाजूला सारावा लागतो, आणि अरुंद जागेतला दाट द्रव सहजासहजी बाजूला होत नाही. गारठ्यात तर तो मेणासारखा होतो. थंडीत टिक् आणि उन्हात बार, या लक्षणाचं कारण बहुतांशी हेच. जुन्या लष्करी रायफली साठवणीच्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. बाहेरून चकचकीत केलेल्या रायफलीच्या बोल्टमध्ये ते ग्रीस जसंच्या तसं बसलेलं असतं.

नेहमी सफाई करणाऱ्यांच्या रायफलीही यातून सुटत नाहीत. उलट जास्त सापडतात. बोल्टच्या तोंडावर तेलाचा फवारा मारायची सवय असेल तर ते तेल पिनच्या छिद्रातून थेट आत जातं.

उघडण्याची रीत रायफलीप्रमाणे बदलते, स्वतःच्या मॉडेलची पुस्तिका बघा. माउझर ९८ ला सेफ्टी मधल्या, उभ्या स्थितीत ठेवून, बारीक खटका दाबून मागचा भाग आटे फिरवत काढतात. रेमिंग्टन ७०० च्या कॉकिंग पीसला खाच असते. तो मागे ओढून तिथे नाणं अडकवलं की भाग सैल फिरतो. मोसिन-नगांत हत्याराशिवाय सुटते. ली-एनफिल्डची पिन मात्र खास पाना असल्याशिवाय काढू नका, आटे खराब होतात. काहीही असलं तरी स्प्रिंग दाबलेली आहे हे विसरू नका. डोळ्यांवर चष्मा, आणि बोल्टचं मागचं तोंड स्वतःकडे नको. सोडवण्याआधी फोटो काढा. मोसिन आणि ली-एनफिल्डमध्ये पिन आट्यांनी मागच्या भागात बसते, म्हणून एखादा आटा कमी-जास्त झाला की पिन किती बाहेर येते ते बदलतं.

सगळे भाग ग्रीस काढणाऱ्या द्रावणात धुवा. रॉकेलसारखा खनिज द्रव चालतो, जागा हवेशीर हवी, जवळ आग नको. बोगद्यातून पाइप-क्लीनर फिरवत राहा, तो पांढरा बाहेर येईपर्यंत. पूर्ण सुकवा. मग पिनवर पातळ तेलाचा हात पुसून काढल्यासारखा, फक्त गंज धरू नये एवढाच. कडक थंडीत कोरडं ठेवलं तरी चालतं. ग्रीसची जागा बोल्टच्या बाहेर आहे: लॉकिंग लगची मागची बाजू आणि कॉकिंगचा उतार. आत नाही.

धुताना पिन आणि स्प्रिंगचं अंग नीट बघा. एका बाजूला चकचकीत घासलेली रेघ असेल तर स्प्रिंग वाकून भिंतीला घासतेय. पिनचं टोक गुळगुळीत अर्धगोल हवं. सपाट झालेलं, चिरलेलं किंवा खड्डे पडलेलं टोक घासून ‘नीट’ करायचं नाही, पिन बदलायची.

५. स्टॉकबाहेर काढून पाहा

बोल्ट धुऊनही टिक् होत असेल, तर अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा भाग) स्टॉकमधून मोकळी करा आणि नकली काडतुसावर पुन्हा चालवून बघा. पिन पडल्याचा आवाज मंद ‘टक’ वरून खणखणीत झाला, तर स्टॉक किंवा त्याचे स्क्रू काहीतरी अडवत होते. स्क्रू लांब असला की आतून बोल्टला टेकतो. मागे कॉकिंग पीस लाकडाला घासतो. इथेही मार्करची शाई खरं सांगते.

कॉकिंग पीसच्या खालच्या बाजूला ताजी घासलेली रेघ दिसली तर चाप ओढल्यावर सिअर (पिनला मागे रोखून धरणारा खटका) पूर्ण खाली सरकत नाही आणि पिन जाता जाता त्यावर घसटते. बाहेरून आणलेला ट्रिगर फार कमी हालचालीवर बसवला की हे होतं. कारण तुम्हाला कळलं, पण दुरुस्ती तुमची नाही. ट्रिगरचे स्क्रू घरी फिरवू नयेत. एक बिघाड काढताना धक्क्याने सुटणारी रायफल तयार होते.

हौसेने बसवलेली हलकी पिन किंवा इतर सुटे भाग असतील तर आता मूळचे भाग परत बसवून बघा. पुष्कळ तक्रारी तिथेच संपतात.

६. पिन किती बाहेर येते, आणि स्प्रिंग

रिकामा बोल्ट, पिन पडलेल्या स्थितीत. कॅलिपरच्या खोली मोजणाऱ्या दांडीने बोल्टच्या तोंडापासून पिनच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. आधुनिक सेंटरफायर (प्रायमर तळाच्या मध्यावर असलेल्या काडतुसांच्या) रायफलींत ते बहुधा १.१ ते १.६ मिमीच्या दरम्यान भरतं. मोसिनचं माप वेगळं: ०.०७५ ते ०.०९५ इंच, म्हणजे सुमारे १.९ ते २.४ मिमी, आणि तिच्या सोबतच्या पान्यावर ७५ आणि ९५ अशा खुणांच्या खाचा याचसाठी असतात. ७५ च्या खाचेला टोक टेकायला हवं, ९५ च्या खाचेला टेकता कामा नये. स्वतःच्या रायफलीचं माप उत्पादकाच्या कागदावरून घ्या. कमी असेल तर ताकद असूनही पिन पोचत नाही. जास्त असेल तर प्रायमर भोसकला जातो आणि तापलेला वायू बोल्टमधून मागे येतो, म्हणून ‘थोडं जास्त ठेवू’ हा विचार नको.

स्प्रिंगची पाळी आता. जुनी स्प्रिंग त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवा. स्पष्ट आखूड असेल, वाकडी असेल, तर बदला. ताणून लांब करू नका, मागे वॉशर घालू नका: ताणलेली लवकरच पुन्हा बसते, आणि वॉशरमुळे वेटोळी एकमेकांना टेकून पिनचा प्रवासच कापला जातो. उत्पादकाने दिलेल्या ताकदीचीच घ्या. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगने दांडा उचलायला जड होतो आणि चाप सुटताना रायफल जास्त हलते.

७. हेडस्पेस

वरचं सगळं ठीक असूनही खळी उथळ असेल, तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसतंय का हा प्रश्न उरतो. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. पाठीमागे आधार नसलेल्या फळीवर खिळा ठोकल्यासारखं ते आहे. पिन मारते, काडतूस पुढे सरकतं, ठोका मऊ होतो.

घरी भरणाऱ्यांनी आधी स्वतःची डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) तपासावी. रिमलेस (तळाची कड बाहेर न आलेली) बाटलीच्या आकाराची पुंगळी खांद्यावर टेकते. डाय जास्त खाली बसवली तर खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. बोल्ट अ‍ॅक्शनसाठी खांदा साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमी मागे जाणं पुरे. कारखानी काडतुसं फुटतात आणि घरची टिक् करतात, तर पहिला संशय याच मापावर.

कारखानी काडतुसंही टिक् करत असतील तर दोष रायफलीचा असू शकतो: दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेली लष्करी रायफल, घरी बदललेली नळी, झिजलेले लग. इथे गो आणि नो-गो गेज लागतात (हेडस्पेस तपासायचे मापाचे ठोकळे: गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर नाही). ली-एनफिल्ड नं. ४ ला ० ते ३ क्रमांकांची बोल्टची डोकी असतात आणि ती बदलून माप साधता येतं, पण गेज न लावता क्रमांक चढवत जाणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

खालीलपैकी काहीही दिसलं तर आणखी एकही बार नको, रायफल थेट परवानाधारक गनस्मिथकडे:

- पुंगळीच्या तळाच्या जरा वर चमकदार कडं किंवा चीर. पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे.
- प्रायमरला आरपार भोक, किंवा त्याच्याभोवती काळा धूर.
- बोल्ट नो-गो गेजवर सहज बंद होतो.
- बोल्ट बंद करताना किंवा सेफ्टी काढताना पिन आपोआप पडते.
- लगवर तडा, बोल्टच्या तोंडावर वायूने खाल्लेले खड्डे.
- पिनचं छिद्र मोठं झालंय, किंवा खळी सतत काठाकडे पडतेय.

सिअर, ट्रिगरची धार, चेंबर आणि लग यांना घरी कानस लावायची नाही. हे भाग मोजून घासावे लागतात आणि घासलेलं परत भरता येत नाही. अनेक ठिकाणी कायद्यानेही ही कामं परवानाधारकानेच करायची असतात, तेव्हा आपल्या परवान्यात घरी काय करायची मुभा आहे ते आधी पाहून घ्या.

गनस्मिथकडे जाताना रायफल रिकामी, बोल्ट वेगळा. आणखी तीन गोष्टी हव्यात: फुटलेल्या काही पुंगळ्या, न फुटलेली काडतुसं आणि ती चिठ्ठी. न फुटलेली काडतुसं सोबत न्यायची की नाही ते आधी विचारा. जिवंत दारूगोळा दुकानात घ्यायला काही जण तयार नसतात, मग खळीचे जवळून काढलेले स्वच्छ फोटो पुरतात. कोणते सुटे भाग बदललेत हेही सांगा, विचारायची वाट बघू नका. काम झाल्यावर उरलेली मेलेली काडतुसं कचऱ्यात टाकायची नाहीत. ती नेमबाजीच्या मैदानावरच्या अधिकाऱ्याकडे किंवा विक्रेत्याकडे सोपवा.